एकास बहात्तर

सहा फूट उंचीच्या माणसाला एक इंचाचा केला, की जे प्रमाण मिळतं ते एकास बहात्तर. सहा फुटांत बहात्तर इंच असतात, एवढंच त्यामागचं गणित. या प्रमाणात भारतीय हवाई दलाचं नॅट विमान हाताच्या तळव्यावर मावतं. त्याच्या पंखांची टोकं साडेनऊ सेंटिमीटरच्या आत बसतात. मिग-२१ कंपासपेटीएवढं लांब भरतं. लोकलचा एक डबा शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा किंचित आखूड होतो. बोइंग ७४७ मात्र या मापातही पंख पसरून ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे जातं, म्हणून मोठी प्रवासी विमानं बहुतेक जण त्याच्या निम्म्या मापात, एकास एकशे चव्वेचाळीस प्रमाणात बांधतात.

मुंबईच्या उपनगरात हे आकडे फार महत्त्वाचे ठरले, कारण इथे छंदालाही जागा मोजूनच मिळते. विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगर आणि टागोर नगर या वसाहतींतल्या जुन्या घरांत एकच खोली दिवसा बैठकीची, संध्याकाळी अभ्यासाची आणि रात्री झोपायची. अशा घरात प्लास्टिकच्या विमानाची जुळणी करायची, तर खिडकीजवळ दोन फूट जागा, खाली पसरलेली रद्दी आणि पानं घ्यायच्या आत सगळं आवरायची तयारी लागते. पूर्ण झालेलं विमान मग गोदरेजच्या कपाटावर जातं, किंवा शोकेस असेल तर काचेआड. ते कपाट जिथे बनलं तो कारखानाही तिथून हाकेच्या अंतरावर.

पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली विक्रोळीची विस्तीर्ण जमीन विकत घेतली. खाडीकाठची तिवरं आणि खाजण असलेला हा भाग होता. लालबागला कुलपांपासून सुरू झालेला उद्योग मग हळूहळू इकडे सरकला. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला लागलेल्या लाखो लोखंडी मतपेट्या विक्रोळीत बनल्या. १९५५ मध्ये गोदरेजने देशी बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. पुढे याच विक्रोळीत इस्रोच्या अग्निबाणांसाठी ‘विकास’ इंजिनं घडू लागली. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा ज्या इंजिनावर चालतो, तेच हे. लालबहादूर शास्त्री मार्गानं पुढे कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांगच होती. त्यामुळे या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कुणी फिटर होतं, कुणी टर्नर, कुणी टूलरूममध्ये. कानस कशी धरायची, दोन भागांमधली फट नखानं कशी चाचपायची, ‘जरासं घासून घे, बसेल’ म्हणजे नेमकं किती, हे तिथल्या पोरांना शाळेत शिकवावं लागत नव्हतं.

प्लास्टिकच्या विमानाचा जन्मही टूलरूममध्येच होतो. जुन्या पद्धतीत कारागीर आधी विकायच्या मापापेक्षा बराच मोठा नमुना हातानं घडवत. त्या नमुन्यावरून पँटोग्राफ यंत्राची सुई फिरे आणि तोच आकार लहान होऊन पोलादात कोरला जाई. साच्याच्या दोन अर्ध्या भागांत वितळलेलं पॉलिस्टायरिन दाबानं शिरतं, क्षणात थंड होतं, आणि पंख, शेपूट, चाकं, वैमानिक असे सगळे भाग एकाच चौकटीला लटकलेले बाहेर पडतात. जुन्या संचांवर पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा उठून आलेल्या का दिसतात, त्याचं उत्तर याच साच्यात आहे. पोलादात बारीक रेषा कोरणं सोपं असतं, आणि साच्यात कोरलेली रेषा प्लास्टिकवर उठावदार येते. खऱ्या विमानावर सांधा आत गेलेला असतो. तसा हवा असेल, तर साच्यात रेषेपुरतं पोलाद उभं ठेवून भोवतालचं सगळं खरवडून काढावं लागतं. विजेच्या ठिणगीनं धातू झिजवणारी यंत्रं सरावाची झाली, तेव्हा कुठे खोल रेषांचे संच सर्रास मिळू लागले. हौशी माणूस डबा उघडल्यावर सर्वांत आधी त्या रेषांवर बोट फिरवतो, ते साचा कुठल्या काळातला आहे हे समजावं म्हणून.

एकास बहात्तर हे माप रूढ झालं ते १९३० च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये. ‘स्कायबर्ड्स’ नावाचे लाकडी संच या मापात निघाले आणि १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावानं पूर्ण प्लास्टिकचे संच आले. ते प्लास्टिक सेल्युलोज अॅसिटेटचं असल्यानं काही वर्षांत वाकडं होई. मग युद्ध आलं आणि या खेळण्याला सरकारी काम मिळालं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे विमानवेधी तोफेवरच्या जवानाला नुसत्या बाह्याकारावरून ओळखता यायला हवं होतं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं देशभरातल्या शाळांना पाच लाख लाकडी प्रतिकृती बनवून देण्याचं आवाहन केलं, त्याही याच मापात. एकास बहात्तरचं विमान पस्तीस फुटांवरून जसं दिसतं, तसंच खरं विमान साधारण अर्ध्या मैलावरून दिसतं. शाळकरी मुलांनी तासलेल्या लाकडांवर सैनिकांचे डोळे तयार झाले.

युद्धानंतर पॉलिस्टायरिन स्वस्त झालं. निकोलस कोव्ह या हंगेरियन स्थलांतरितानं १९३९ मध्ये लंडनला सुरू केलेली एअरफिक्स कंपनी आधी रबरी खेळणी आणि कंगवे काढायची. १९४९ मध्ये तिनं फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती केली, पुढे ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज, आणि मग स्पिटफायर. वूलवर्थच्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीत हे संच दोन शिलिंगांना मिळत, म्हणजे मुलाच्या खाऊच्या पैशांत. त्याच सुमारास अमेरिकेत रेव्हेल मोठी झाली. जपानच्या शिझुओका शहरात लाकडाच्या व्यवसायातून उभी राहिलेली तामिया १९६० मध्ये प्लास्टिककडे वळली आणि पुढे भाग अचूक बसण्याबाबत जगाची गुरू ठरली.

हे वेड मुंबईत आलं तेव्हा मराठी घराला ते अगदी परकं वाटायचं कारण नव्हतं. दिवाळीत अंगणात, नाहीतर चाळीच्या मोकळ्या जागेत किल्ला करणारं मूल प्रमाणाचा विचार आधीपासूनच करत होतं. विटांवर गोणपाट, त्यावर मातीचा लेप, उतारावर पेरलेली मोहरी किंवा अळीव, आणि चौथ्या दिवशी उगवलेलं हिरवं रान. मावळा बुरुजापेक्षा उंच दिसता कामा नये, यावरून भावंडांत वाद होत, आणि तो वाद प्रमाणाचाच असे. आकाशकंदील तर आणखी जवळचा नातेवाईक. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि दोरा यांतून चांदणी होई, तसा विमानाच्या आकाराचा कंदीलही होई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली उडती मॉडेलं याच बांधणीची होती: कामट्यांच्या जागी बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, पतंगाच्या कागदाच्या जागी टिश्यू. चिकटवलेल्या कागदावर पाण्याचा हलका फवारा मारला की तो वाळताना ताणला जातो आणि पंख ढोलकीच्या पुडीसारखा टणटणीत होतो.

उडत्या मॉडेलांना मुंबईत एक जुना आधार आहे. राष्ट्रीय छात्र सेनेचा हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी सुरू झाला, तो मुंबई आणि कोलकाता इथल्या एकेक तुकडीनं. एरोमॉडेलिंग हा त्या प्रशिक्षणाचा भाग बनला आणि वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धा होऊ लागल्या. दोरीच्या टोकाला वर्तुळात फिरणारी विमानं, हातानं भिरकावायची ग्लायडर आणि नुसती ठेवायची, पण मापाबरहुकूम बनवलेली मॉडेलं असे प्रकार तिथे चालतात. ज्यांच्या घरी परदेशी डबा येण्याची शक्यता नव्हती, अशा कितीतरी महाविद्यालयीन मुलांनी पंखाचा छेद कसा आखतात आणि गुरुत्वमध्य कुठे धरतात, हे गणवेश चढवूनच शिकून घेतलं.

डबा येत नव्हता याचं कारण परकीय चलन. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर जी बंधनं आली, त्यांत खेळण्यांसारख्या वस्तूंना जागा उरली नाही. पुढची कितीतरी वर्षं प्लास्टिकचं विमान मुंबईत आलं ते माणसांच्या सामानातून. बोटीवर नोकरी करणारा मामा, आखातात गेलेला काका, विमान कंपनीत असलेले शेजारी. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या खेळण्यांच्या दुकानांत अधूनमधून एखादा डबा दिसे, पण त्याची किंमत ऐकून मुलं नुसतं वरचं चित्र पाहून परत येत. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरची जुनी पुस्तकं हा दुसरा स्रोत. परदेशी विमानविषयक मासिकांचे सुटे अंक तिथे मिळत, आणि त्यातल्या तीन बाजूंच्या आराखड्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून पानंच्या पानं उतरवली जात.

या टंचाईनं या छंदाला मुंबईत वेगळं वळण दिलं. जिथे महिन्याला एक डबा मिळे, तिथे लोक जुळणी भराभर संपवत. इथे वर्षाकाठी एखादा यायचा. त्यामुळे भाग चिकटवण्यात जाणारा वेळ थोडा आणि नंतरच्या कामात, म्हणजे भरणं, घासणं, रंगवणं, खुणा लावणं यात जाणारा वेळ खूप, असं गणित पडलं. डब्यातलं विमान बहुधा दुसऱ्याच देशाचं असे. ते आपलं व्हायचं ते या नंतरच्या कामातच.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. चौकटीवरून भाग कापताना तो देठापासून तोडायचा नाही. देठ थोडा ठेवून कापायचा आणि उरलेला ब्लेडनं अलगद तासायचा, नाहीतर भागाला खड्डा पडतो. कवचाचे दोन अर्धे जोडले की पाठीवरून आणि पोटाखालून एक जोडरेष जाते. खऱ्या विमानाला अशी रेष नसते, म्हणून ती नाहीशी करायची. पुट्टी मिळत नसे तेव्हा रिकाम्या चौकटीचे तुकडे थिनरमध्ये विरघळवून तीच लापशी फटीत भरत. कुणी फेविक्विकवर टाल्कम पावडर भुरभुरत. ती जागा सुकून घट्ट होते. मग आधी खरखरीत, नंतर पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी जोडरेष बोटाला अजून लागते, आणि बोटाला न लागणारी रंगाचा पहिला हात दिल्यावर पुन्हा उमटते. तीन-तीनदा घासणं हा नियमच.

यातली बरीच सामग्री मुंबईकरांच्या ओळखीच्या कंपन्यांची होती. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग घरोघरी होतेच. वैमानिकाचा चेहरा, खुर्चीचे पट्टे असं बारीक काम शाळेच्या रंगपेटीवरही निभावे. १९५९ पासून मिळणारं फेव्हिकॉल तर एका ठिकाणी परदेशी गोंदापेक्षा सरस ठरलं. कॉकपिटची पारदर्शक काच झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावली, तर त्याची वाफ काचेवर बसून ती आतून पांढुरकी होते आणि आठवड्यांची मेहनत धुक्यात जाते. पांढरा पाणीदार गोंद हळू सुकतो, पण सुकल्यावर दिसेनासा होतो आणि काचेला इजा करत नाही. सुतारासाठी बनवलेला गोंद टाचणीच्या टोकावर घेऊन कॉकपिटच्या कडेनं फिरवणारे हात मुंबईत कमी नव्हते.

रंगांचं दुखणं मोठं होतं. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या हम्ब्रॉलच्या चिमुकल्या डब्या जगभर प्रमाण मानल्या जात. इथे हार्डवेअरच्या दुकानातलं एनॅमल आणून, पातळ करून, जुन्या सुती कापडातून गाळून वापरावं लागे, कारण दरवाजासाठी बनवलेल्या रंगाचा कण बहात्तरपट लहान विमानावर वाळूसारखा दिसतो. त्यात मुंबईचा पावसाळा. जून ते सप्टेंबर एनॅमल दोन-दोन दिवस चिकट राहतं, आणि झटपट सुकणारा लॅकर दमट हवेत पांढरा पडतो. जाणते लोक पावसाळ्यात फक्त जुळणी करत आणि रंगकाम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवत. पाण्यात भिजवून सरकवायच्या खुणा, म्हणजे डिकल, वर्षानुवर्षं कपाटात राहून पिवळ्या पडत. त्यावर उपाय म्हणून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हात चिकटवत. काही दिवसांत पिवळेपणा उतरत असे.

परक्या विमानाला आपलं करण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे नॅट. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात या छोट्या विमानानं पाकिस्तानच्या सेबर विमानांशी दिलेल्या झुंजींमुळे त्याचं नाव घराघरांत पोचलं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर झालेल्या हल्ल्यात नॅट घेऊन एकट्यानं झुंजलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों हे परमवीर चक्र मिळवणारे हवाई दलातले एकमेव योद्धे. साहजिकच मुलांना नॅट हवं होतं. पण एअरफिक्सनं काढलेला संच ब्रिटिश हवाई दलाच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचा होता, आणि भारतानं लढवलेलं नॅट एक आसनी. दोन्ही विमानं भावंडं असली, तरी प्रशिक्षण विमान सुमारे तीन फुटांनी लांब आणि पंखांनीही रुंद. एकास बहात्तरमध्ये हा फरक लांबीत जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा आणि पंखांत आठेक मिलिमीटरचा. एवढ्यासाठी करवतीचं बारीक पातं घेऊन कवच कापायचं, मधला तुकडा काढायचा, मागच्या आसनाची जागा भरून पाठीची गोलाई नव्यानं घडवायची, आणि पंखांची टोकं छाटून पुन्हा गोल करायची. सेखोंचं विमान दोन आसनी दाखवायचं नाही, या एका हट्टापायी हे सगळं.

१९६५ च्या युद्धातलं नॅट करायचं, तर वर रंग हवा चांदीचा, कारण त्या सुमारास नॅट बहुतेक त्याच रंगात उडत. चांदीचा रंग सर्वांत निर्दयी असतो. हिरव्या-करड्या छद्मावरणाखाली घासण्याचे ओरखडे लपतात. चांदीखाली एकेक ओरखडा चमकून वर येतो. ज्याच्या चांदीच्या नॅटवर जोडरेष दिसत नाही, त्याचा हात तयार झाला असं जाणकार मानत.

मग बोधचिन्ह. ब्रिटिश डब्यात लाल-पांढरं-निळं वर्तुळ येई, आणि तेच इतिहासाचं दार उघडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या विमानांवरून मधला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गफलत होऊन आपल्याच विमानावर गोळ्या झाडल्या जाण्याची भीती होती. म्हणून त्या काळच्या भारतीय स्क्वाड्रनचं विमान करायचं, तर वर्तुळ दोन निळ्यांचंच हवं. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ विमानांवर निळं अशोकचक्र आलं. १९५० पासून केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ, त्यात हिरवा मध्यभागी आणि केशरी बाहेर. ही वर्तुळं विकत मिळत नसत, तेव्हा कंपासमध्ये पेन्सिलीऐवजी रंगाची निब अडकवून ती काढत. साडेनऊ सेंटिमीटरच्या विमानावर सात-आठ मिलिमीटरच्या वर्तुळात तीन रंग, आणि श्वास रोखून फिरवलेलं करकटक. एका वर्तुळाच्या मापावरून आणि रंगांच्या क्रमावरून विमान कुठल्या वर्षातलं हे सांगू शकणारे लोक या छंदानं घडवले, आणि ते इतिहासाचे विद्यार्थी नव्हते.

खरं विमान पाहायला मिळणं हा त्यांचा सण असे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एचएफ-२४ मारुत उभं आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला घडलेलं हे विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. याच टँक यांच्या फॉके-वुल्फ १९० या युद्धकालीन विमानाचे संच जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीनं काढले. मारुतकडे त्या कंपन्या वळल्या नाहीत. ज्याला मारुत हवं त्याला वरळीला जाऊन, चाकाच्या खोबणीत वाकून, फोटो काढून, स्वतःच्या हातानं ते घडवण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे आणि तिथे मिग-२१ बनली. त्यामुळे रशियन आराखड्याचं हे विमान महाराष्ट्रातल्या मुलांना घरचं वाटे. गोव्यात बोगमाळोजवळचं नौदल विमान संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं. तिथे सी हॉक, अलिझे आणि पूर्वी एअर इंडियाच्या सेवेत असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभी आहेत. लोक समुद्रावर निघताना वाटेत थांबतात. मॉडेल बनवणारा माणूस तिथेच सकाळ घालवतो.

सी हॉकची गोष्ट मुंबईशी बांधलेली आहे. आयएनएस विक्रांत १९६१ साली नौदलात दाखल होऊन मुंबईत आली, आणि तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले केले. १९९७ मध्ये विक्रांत निवृत्त झाली. काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ च्या अखेरीस दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिचं तोडकाम सुरू झालं. ज्या डेकवर मुंबईची मुलं आई-वडिलांचं बोट धरून फिरली होती, ते पत्र्यांच्या तुकड्यांत विकलं गेलं. संग्रहालय चालू असताना ज्यांनी लिफ्टचा जाळीदार दरवाजा, विमान अडकवण्याच्या तारा, डेकवरच्या रेषांची रुंदी असं सगळं मोजून, फोटो काढून ठेवलं होतं, त्यांच्या वह्यांना त्या दिवसापासून वेगळीच किंमत आली. ती मापं परत घ्यायला आता जहाजच नाही.

या छंदाची बाजारपेठ दरम्यान बदलली. १ एप्रिल २००१ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठली, आणि तामिया, हासेगावा, रेव्हेल ही नावं मुंबईच्या दुकानांत रीतसर दिसू लागली. एअरब्रश आणि छोटे कॉम्प्रेसर आले. मिग-२१ सारख्या विमानांच्या काही डब्यांत भारतीय बोधचिन्हंही छापून येऊ लागली. एक आसनी नॅटचा वेगळा संच निघाला, आणि सव्वा सेंटिमीटर कापण्याची गरज सरली. एअरफिक्स २००६ मध्ये हॉर्नबी कंपनीकडे गेली, आणि पुढच्या दशकात तिच्या डब्यांवर ‘मेड इन इंडिया’ हे शब्द छापले गेले. ज्या संचांची वाट पाहत मुंबईतली एक पिढी मोठी झाली, ते आता भारतात बनून लंडनच्या दुकानांत जात होते.

हातात आलेलं पुन्हा थोडं दूर गेलं ते २०२० मध्ये. प्रमाणबद्ध मॉडेलं जकातीच्या हिशेबात खेळण्यांच्याच वर्गात येतात, आणि त्या वर्षी खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं, २०२३ मध्ये सत्तर. देशी खेळण्यांना बळ मिळावं हा त्यामागचा हेतू होता. प्रौढ हौशी माणसाला मात्र डब्याची किंमत पाहून पुन्हा परदेशातल्या नातेवाइकाला फोन लावावा लागला. जुनं कसब मग परत बाहेर निघालं: फुटलेल्या मॉडेलांचे भाग जपणं, पत्र्याच्या डब्यातून पातळ पट्ट्या कापणं, चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून ओढत केसासारखी बारीक अँटेना तयार करणं. या पिढीला थ्रीडी प्रिंटरची जोड आहे, आणि मारुतसारखी दुर्लक्षित विमानं संगणकावर आखून छापून काढणं त्यामुळे हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागलं आहे.

महाराष्ट्रात प्रमाणबद्ध प्रतिकृतींना लोकांसमोर कायमची जागा मिळाली ती रेल्वेच्या रूपानं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून चालू आहे, आणि शाळांच्या सहली तिथे जातात. विमानाच्या बाबतीत उपनगरानं दुसऱ्याच टोकाचं उदाहरण दिलं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, एकास एक प्रमाणात. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते सुटं करून गच्चीवरून क्रेननं उतरवावं लागलं. २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्याची नोंदणी केली. गच्चीवरच्या त्या विमानाच्या कित्येक वर्षांत आणि विक्रोळीच्या खिडकीजवळच्या दोन फुटांत एक गोष्ट सारखी आहे: दोन्हींकडे काम रोज थोडं पुढे जातं, आणि जागा रिकामी करण्यासाठी रोज आवरावं लागतं.

आता कन्नमवार नगरच्या जुन्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. घर रिकामं करताना कपाटावरचं सामान शेवटी उतरतं. ब्लँकेटं, लग्नातल्या बॅगा, गणपतीच्या मखराचे लाकडी खांब, आणि त्यांच्यामागे एखाद्या सी हॉकचा न उघडलेला डबा, ज्यातल्या डिकल पिवळ्या पडल्या आहेत. नव्या घरातली खिडकी कुठल्या दिशेची आहे हे आधी पाहावं लागेल. तो कागद काचेला चिकटवायला सकाळचं ऊन हवं.